तळाला लागण्याआधी : प्राध्यापकांचा बर्नआऊट आणि रोजची हालचाल

दूध उतू जातं तेव्हा सगळ्यांना दिसतं. गॅस बंद करायला घरभरातून माणसं धावतात. तळाला लागतं तेव्हा मात्र वर साय पांढरीशुभ्र असते आणि वास येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. प्राध्यापकांचा बर्नआऊट, म्हणजे कामाने आतून करपून जाणं, या दुसऱ्या जातीचा. तास होत असतात, हजेरी लागत असते, पोर्टलवर माहिती भरली जात असते. वरून सगळं ठीक.

मला वास आला तो एका मंगळवारी. टीवायच्या वर्गात बेंझीनची रचना चालली होती, वर्षानुवर्षं शिकवलेला भाग. एका मुलीने प्रश्न विचारला, चांगला प्रश्न, आणि मला तिचा राग आला. संध्याकाळी जिना उतरताना तो राग आठवला आणि मी मधल्या पायरीवर थांबले.

मी साताऱ्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही, योगशिक्षिकाही नाही. पुढच्या पायऱ्या वाचून, विचारून आणि बऱ्याचशा चुकून शिकलेल्या आहेत. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच, की प्राध्यापकाने व्यायाम ‘वेळ मिळाला तर’ या खात्यात ठेवला की तो कधीच होत नाही. तो वेळापत्रकात तास म्हणून लावावा लागतो. आणि त्याचा एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाचा असतो तसा गुणांचा हिशेब, करायचा नाही. याचा अर्थ पुढे येईलच.

पायरी १ : थकलात की करपलात?

‘बर्नआऊट’ हा शब्द या अर्थाने रूढ केला तो न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची व्याख्या दिली, तीही आजार म्हणून न देता कामाशी निगडित स्थिती म्हणून. खुणा तीन. शक्ती संपल्यासारखं वाटणं. कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं. आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. बेंझीनच्या तासाचा माझा राग ही दुसरी खूण होती. मी मात्र कित्येक महिने पहिलीवरच औषध शोधत होते, म्हणजे झोप आणि चहा.

घरगुती परीक्षा सोपी आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस नीट झोप काढल्यावर ताजं वाटलं तर तो थकवा. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी सकाळपासूनच पोटात गोळा येत असेल, तर मामला वेगळा आहे.

चालायला लागण्याआधी दोन कामं करा. एक, रक्त तपासा : हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व. माझ्या एका सहकाऱ्याचा ‘बर्नआऊट’ थायरॉईडच्या गोळीने निम्मा उतरला. दोन, जिना चढताना छातीत दुखत असेल, घेरी येत असेल, दम नेहमीपेक्षा जास्त लागत असेल किंवा रक्तदाब ताब्यात नसेल, तर बूट घेण्याआधी डॉक्टरकडे जा.

कामातलाच नव्हे, सगळ्यातलाच रस गेला असेल, नातवंड मांडीवर येऊन बसलं तरी काही वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला चालण्याच्या भरवशावर ठेवू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.

पायरी २ : एका आठवड्याची वही

प्राध्यापकांचा ठाम समज असतो, की आमची हालचाल भरपूर होते, आम्ही दिवसभर उभेच तर असतो. माझाही होता. म्हणून एक आठवडा लिहून काढलं. त्यातला हा मंगळवार :

पहाटे साडेपाच ते आठ ओट्यापाशी उभी. मग अर्धा तास स्कूटरवर. एक तास शिकवताना उभी. दोन तास जर्नलं तपासत बसून. डबा खाताना बसून. तीन तास प्रॅक्टिकल, त्यात निम्मा वेळ उभी आणि निम्मा स्टुलावर. आयक्यूएसीची, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता समितीची बैठक, दीड तास बसून. घरी परत, पुन्हा ओटा. जेवणानंतर लॅपटॉप, रात्री अकरापर्यंत.

जवळजवळ साडेसहा तास मी उभी होते. सलग चाललेलं सगळ्यात मोठं अंतर म्हणजे पार्किंगपासून विभागापर्यंत, चार मिनिटं.

उभं राहणं आणि हालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनमध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर वरखाली करणारा. बस तीच, कंपनी तीच, पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. फळ्यासमोर तासभर खांब झालेल्या प्राध्यापकाला कंडक्टर म्हणता येणार नाही. त्याला पाय दुखण्याचं फळ मिळतं, दम वाढण्याचं मिळत नाही.

तुमची वही लिहिताना दोनच रकाने ठेवा : किती वेळ बसून, आणि सलग किती मिनिटं चालून. तिसरा रकाना लागलाच तर ‘घरी आल्यावर कुणावर ओरडले’ असा करा. मला त्याचा फार उपयोग झाला.

पायरी ३ : तास लावा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बाकीचं सगळं हिच्यावर उभं आहे.

व्यायामाचे लेख पहाटे पाचला उठायला सांगतात. ज्या घरात पहाटे पाचला दुसऱ्या कुणीतरी डबा केलेला असतो, तिथे ते जमतं. संध्याकाळ म्हणाल, तर घरात पाऊल टाकलं की आपण घराचे. माझ्या वहीत दिवसाची एकच फट सापडली : शेवटचं काम संपल्यापासून स्कूटरची किल्ली फिरवेपर्यंतची. तिथे मी तास लावला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत आठवड्याचा कार्यभार ४० तासांपेक्षा कमी नसावा असं आहे. त्यात थेट अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, वरच्या दोन पदांना १४. उरलेल्या तासांत काय काय कोंबलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षं त्यांत मी स्टॉक रजिस्टर, समित्या, बॉटल-लेबलं आणि प्रवेशाच्या काळातली खिडकी कोंबली. आता टेबलाच्या काचेखालच्या वेळापत्रकात सोमवार ते शुक्रवार, शेवटच्या चौकटीत ‘चा.’ लिहिलेलं आहे. सुरुवातीला दोघांनी विचारलं, हा कुठला पेपर? चालण्याचा, म्हटलं. पुढे कुणी विचारलं नाही. मुख्य म्हणजे त्या वेळेला बैठक ठेवू का असं कुणी म्हणालं, तर ‘मला तास आहे’ हे तोंडून सहज निघतं. ‘मला फिरायला जायचंय’ हे निघत नाही. लाज वाटते, का कोण जाणे.

ही फट निवडण्याला आणखी एक कारण आहे. कामातून सावरण्याचा अभ्यास करणाऱ्या सबिने सोनेन्टाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये सावरण्याचे चार अनुभव मांडले : कामापासून मन सुटणं, सैल होणं, काहीतरी नवं हस्तगत करणं, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. प्राध्यापकाची अडचण पहिल्याच ठिकाणी होते. शरीर घरी जातं आणि मन व्हॉट्सॲपच्या विभागीय गटात राहतं. काम आणि घर यांच्या मध्ये वीस मिनिटं पाय चालले की मधे एक उंबरठा तयार होतो. मोबाईल मात्र ड्रॉवरमध्ये ठेवायचा. घरच्यांना वेळ सांगून ठेवा, म्हणजे तो ड्रॉवरमध्ये ठेवण्यावरून भांडण होणार नाही.

आता सामान. रासायनिक अभिक्रिया सुरू व्हायला सुरुवातीची ऊर्जा लागते, आणि उत्प्रेरक ती कमी करतो. इथला उत्प्रेरक म्हणजे बूट. माझे बूट प्रयोगशाळेच्या कपाटात असतात, तळाच्या कप्प्यात, आम्लांपासून लांब. घरी असते तर आजवर ते नवेकोरे राहिले असते. साडीवर बूट कसे दिसतील, हा प्रश्न पहिले तीन दिवस पडतो. निऱ्या जरा वर खोचून पिन लावली की साडीत उत्तम चालता येतं. आपल्या आज्या याच वस्त्रात डोंगर चढल्या. फक्त जिन्यावर निऱ्यांकडे लक्ष ठेवा.

पायरी ४ : पहिले दोन आठवडे, फक्त दहा मिनिटं

दहा म्हणजे दहाच. बरं वाटलं म्हणून पंचवीस करू नका. करपलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात उत्साह येतो, दुसऱ्यात अपराधीपणा आणि तिसऱ्यात सोडून देणं. दहा मिनिटं इतकी लहान असतात की चुकवायला कारण सापडत नाही.

मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट पळणाऱ्या लोकांनी भरलेला असतो. साताऱ्यात राहून पळायचं नाही म्हणजे नाशकात राहून द्राक्षं न खाणं. चालायला लागून दोन महिनेही झाले नव्हते, तोवर मी एका शर्यतीत नाव दिलं, मोबाईलवर आराखडा उतरवला, आठवड्याचे किलोमीटर एक्सेलमध्ये भरायला लागले. हिरवं, पिवळं, लाल. सहाव्या आठवड्यात डाव्या टाचेत कळ आली, सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवता येईना, आणि पुढचे तीन महिने मी लंगडत तास घेतले. शर्यतीचं नाव वाया गेलं ते वेगळंच. माझी पळण्याची कुवत कमी होती हा यातला लहान दोष. मोठा दोष असा, की ज्या हिशेबाने मला करपवलं होतं, तोच मी व्यायामात आणला होता. गुण, पुरावे, उद्दिष्ट, तूट. व्यायामाचा एपीआय करू नका म्हणते ते यासाठी.

त्याच कारणाने पहिला महिनाभर पावलं मोजणारं घड्याळ काढून ठेवा. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये एक पाऊलमापक विकायला आला. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं यंत्र. आकडा तिथून जगभर गेला.

पायरी ५ : तिसऱ्या आठवड्यापासून

दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत वीस-पंचवीस मिनिटांवर या. वेग किती? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा. आमच्या भाषेत, हजेरी घेता येईल पण प्रार्थना म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीची आहे, आणि थोडी हालचालही अजिबात नसण्यापेक्षा बरी असं तीच सांगते. पाच दिवस पंचवीस मिनिटं आणि रविवारी ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत किंवा अजिंक्यतारा किल्ल्यावर एक फेरी, की आमचं भागतं. तुमच्या गावात टेकडी नसेल तर धरणाचा बांध असेल, नदीचा घाट असेल, मैदान असेल. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावर जाऊ नका. कॉरिडॉरमध्ये चाला. आम्ही पावसात तेच करतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९० पावलं, मधे वनस्पतीशास्त्राचा नोटीसबोर्ड.

याच शिफारशीत एक कलम आहे, जे सगळे विसरतात : आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. जिम लागत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी, चालण्याआधी, आठ मिनिटं.

खुर्चीवरून उठणं-बसणं : चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी घाला, आठ वेळा सावकाश उठा आणि त्याहून सावकाश बसा. धप्पकन बसलात तर ते मोजायचं नाही. आमच्या प्राध्यापक कक्षात यावर पहिला शेरा आला, ‘मॅडम, कुणी उठाबशा काढायला लावल्या?’ शेरा मारणारे सर आता स्वतः बारा काढतात. मग भिंतीवर हात टेकून दंड, आठ. मग फळ्याच्या कडेला धरून टाचा उचलणं, पंधरा. थोडं थांबून हे सगळं पुन्हा एकदा. पंधरवड्याने प्रत्येकात दोन-दोन वाढवा.

सूर्यनमस्कार येत असतील तर ते घाला. आमच्या जिल्ह्याला तर तो वारसा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये ते सुरू केले आणि स्वतः आयुष्यभर घातले. पण वीस वर्षांनी पहिल्यांदा घालत असाल तर तीनपासून सुरुवात करा. पाठीचा मणका, काचबिंदू किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर आधी विचारून.

पायरी ६ : परीक्षा, कॅप आणि नॅक

परीक्षा, कॅप म्हणजे उत्तरपत्रिकांची केंद्रीय तपासणी, नॅक म्हणजे महाविद्यालयाचं मूल्यांकन : वर्षात दोन-तीन काळ असे येतात की वर लिहिलेलं सगळं उडून जातं. जाऊ द्या. त्या काळापुरता नियम एकच : पाच मिनिटं, पण शून्य नाही.

पर्यवेक्षण ही खरं तर आयती संधी आहे. खुर्ची सोडा आणि बाकांच्या रांगांमधून फिरा. तीन तासांत चांगली चाल होते, वर कॉप्याही कमी होतात. उत्तरपत्रिका तपासताना दर दहा उत्तरपत्रिकांना उठा, पाण्याची बाटली मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. स्क्रीनवर तपासणी असेल तर मान पुढे जाते. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणा, खाली जाडजूड संदर्भग्रंथ ठेवून. शेवटी त्यांचा उपयोग झाला म्हणायचा.

नॅकच्या आधीच्या रात्रींबद्दल सल्ला देण्याइतकी मी भाबडी नाही. एवढंच सांगते : रात्री दहाला फोटोंना जिओटॅग (ठिकाणाची नोंद) लावत बसण्याआधी मैदानाला एक फेरी मारा. फोटो पळून जात नाहीत.

दुखणी, थोडक्यात

टाच सकाळच्या पहिल्या पावलांना दुखत असेल तर अनवाणी फरशीवर उभं राहणं बंद करा, पोटरी ताणा आणि चालणं कमी करून सुरू ठेवा. पायाच्या शिरा फुगत असतील तर शिकवताना एका जागी उभं न राहता फळ्यासमोर येरझारा घाला. टाचा उचलण्याचा व्यायाम याच्यासाठीच आहे, कारण पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. एक पाय अचानक सुजून दुखायला लागला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घसा बसलेला असेल तर चालताना गप्पा मारू नका.

पायरी ७ : जिमखान्याचा दरवाजा

बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक असतात. विद्यार्थ्यांचे संघ, युवक महोत्सवाची धावपळ, पंचांचे भत्ते यांत ते बुडालेले. आपण त्यांच्याशी बोलतो ते क्रीडादिनाच्या सूत्रसंचालनापुरतं. टाच दुखत होती तेव्हा मी पहिल्यांदा जिमखान्यात गेले. सरांनी बूट उलटा करून तळ पाहिला, झिजलेली बाहेरची कड दाखवली आणि पोटरी ताणायचे दोन प्रकार शिकवले. इतकी वर्षं मी त्याच आवारात होते. दुपारी चार ते पाच जिमखाना रिकामा असतो, हेही तेव्हाच कळलं. आता आम्ही सहा जणी मंगळवारी-शुक्रवारी तिथे असतो. तुमच्याकडे विचारून पाहा. कुणी नाही म्हणायची शक्यता कमी, कारण कुणी विचारतच नाही.

तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना मात्र हा लेख जसाच्या तसा लागू पडत नाही. दोन-तीन महाविद्यालयांत बसने धावणाऱ्या, तासाच्या हिशेबाने पैसे मिळणाऱ्या आणि सुट्टीत तेही न मिळणाऱ्या मुलाला ‘शेवटच्या चौकटीत चालायला जा’ म्हणणं उद्धटपणा आहे. त्याने एक थांबा आधी उतरावं, एवढं सुचवता येतं. त्याचा खरा उपाय चालण्यात नाही.

पायरी ८ : चालून जे सुटत नाही

व्यायामाने झोप सुधारते, चिडचिड कमी होते, दम वाढतो. हे मी अनुभवलं आहे आणि अभ्यासही तेच सांगतात. पण बर्नआऊटवर आयुष्यभर काम केलेल्या क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामाच्या ठिकाणची सहा मुळं सांगितली : कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांमधला जिव्हाळा, न्याय, आणि मूल्यांचा मेळ. यांतलं एकही मूळ मैदानाला फेऱ्या मारून उपटत नाही. म्हणूनच संस्था जेव्हा बोजा तसाच ठेवून ‘वेलनेस कार्यशाळा’ घेते, तीही रविवारी आणि सक्तीची, तेव्हा हसू येतं.

चालण्याचा फायदा इथे आडवळणाने होतो. डोकं थोडं रिकामं झालं की कुठलं मूळ सगळ्यात जास्त टोचतंय ते दिसायला लागतं. सहा आठवड्यांनंतर वहीत हे सहा शब्द लिहा आणि एकावर खूण करा. एकावरच. मग त्यातली एक मागणी लेखी मांडा. माझी खूण बोजावर होती. मी सात समित्यांवर होते. प्राचार्यांना अर्ज दिला, दोन समित्यांमधून मुक्त करावं, आणि सोबत कुठल्या महिन्यात कुठल्या समितीचं किती काम पडतं त्याचा एक पानी तक्ता जोडला. तोंडी विनंत्या तीन वर्षं हवेत विरल्या होत्या. अर्जाचं उत्तर अकरा दिवसांत आलं. एका समितीतून सुटले.

खंड पडला तर

पडणारच. लग्नसराई, आजारपण, प्रवेश, निवडणुकीची ड्यूटी. खंड पंधरा दिवसांपेक्षा मोठा असेल तर पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू करा. त्याहून लहान असेल तर जिथे होतात त्याच्या निम्म्यावर. बुडालेले दिवस भरून काढू नका. पोर्शन राहिला की रविवारी जादा तास घ्यायची आपली सवय असते, ती इथे चालवू नका. वेळापत्रकातली ‘चा.’ची चौकट खंडाच्या काळातही खोडायची नाही, तिथे दुसरं काही लिहायचं नाही. बूट कपाटात राहू द्या.